आरव्ही-7 स्लायडर: विंडशील्डचा आतला काठ

आरव्ही-7 आणि आरव्ही-9 ही व्हॅन्स कंपनीच्या किटमधून स्वतः बांधायची छोटी विमानं. त्यांचं स्लायडर (मागे सरकणाऱ्या छताचं) मॉडेल बांधणारे विंडशील्डच्या बाहेरच्या फेअरिंगवर, म्हणजे काच आणि पत्र्यामधला सांधा झाकणाऱ्या गुळगुळीत पट्टीवर, आठवडेच्या आठवडे घासत बसतात. आतली फट मात्र शेवटी घाईघाईत बुजवली जाते. आणि विमान उडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कायम असते ती नेमकी हीच बाजू.

विंडशील्डचा खालचा काठ धरून ठेवायचं काम बाहेरच्या फायबरग्लास फेअरिंगचं आहे. आतल्या गोलाईवर, म्हणजे काच आणि ग्लेअरशील्ड (पॅनेलवरचा चमक अडवणारा माथा) यांच्या कोपऱ्यात भरलेल्या इपॉक्सीच्या गोलसर पट्टीवर, कसलाही भार येत नाही. त्यामुळे ती जाड करून मजबुती मिळत नाही, उलट तडा जायची सोय होते. ही काच म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक, आणि ॲक्रिलिक उष्णतेने ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. 1.2 मीटर रुंदीच्या काठावर तापमान 40 अंश सेल्सियसने बदललं, तर ॲक्रिलिक सुमारे 3.4 मिलिमीटर वाढू पाहतं आणि पत्रा जेमतेम 1.1. मधला दोनेक मिलिमीटरचा फरक सांध्यालाच सोसावा लागतो. इपॉक्सी मुळात ॲक्रिलिकला नीट धरत नाही, म्हणून जाड आणि कडक गोलाई तिथूनच सुटते आणि उन्हात काठाशी चंदेरी रेघ दिसू लागते. गोलाईची त्रिज्या 6 ते 8 मिलिमीटर पुरे. 10 च्या वर जाऊ नये.

काम आतल्या वायरिंगच्या आणि एव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) आधी उरकावं. पुढे काच आणि ग्लेअरशील्डमधला कोन इतका अरुंद होतो की हात पोचत नाही, आणि उताणं पडून काम करताना घासल्याचा चुरा थेट पॅनेलमध्ये जातो. काचेवरची संरक्षक फिल्म पूर्ण काढू नका, काठाशी फक्त 5 सेंटिमीटर सोलून दुमडा.

आता रेघ, म्हणजे काचेवरचा गोलाईचा वरचा काठ. सगळं काम टेपच्या रेघेवर अवलंबून आहे. वळणावर न सुरकुतता ताणली जाते ती व्हायनिलची इलेक्ट्रिकल टेप, 3एम सुपर 33+ सारखी. कागदी मास्किंग टेपखालून इपॉक्सी झिरपतं. आतली रेघ बाहेरच्या फेअरिंगच्या रेघेपेक्षा 2 ते 3 मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला गोलाईची पाठ दिसत नाही. आतून मात्र त्या पट्टीत फेअरिंगची पाठ दिसणारच, म्हणून फेअरिंगच्या पहिल्या थराच्या इपॉक्सीत काळं पिगमेंट हवंच. ते राहून गेलं असेल तर आतली रेघ थोडी वर चढवून झाकाझाक करावी लागते. काच तिरपी आणि जाड असल्यामुळे रेघा सीटवरून सरकलेल्या दिसतात. टेप लावली की सीटवर बसून बघा, पंखावर उभं राहून नव्हे.

टेपचे दोन थर द्या, वेगवेगळ्या रंगांचे: खाली पिवळा, वर काळा. घासताना पिवळा डोकावला की हात थांबवायचा. एकाच थरावर विसंबलं तर पॉलिश पेपर आरपार जातो आणि काचेवर ओरखडा उठतो. तो नुसता दिसायला वाईट नाही, पुढे तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. रेघेखालचं ॲक्रिलिक 120 नंबरच्या पेपरने पूर्ण धुरकट होईपर्यंत घासा. शेवटचा मिलिमीटर पेपरची घडी करून. चकाकी राहिली त्या जागी पकड मिळणार नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल किंवा अमोनियावाला काच-क्लीनर चुकूनही नको. ताणाखालच्या ॲक्रिलिकमध्ये त्यांनी बारीक भेगांचं जाळं पसरतं, आणि ते पॉलिश करून जात नाही.

वेस्ट सिस्टिम 105 या इपॉक्सीसोबत 206 हा सावकाश हार्डनर घ्या. प्रमाण आकारमानाने 5 ला 1. 205 हा जलद हार्डनर घेतला तर अरुंद कोपऱ्यात पोचेपर्यंत कपातच तापून घट्ट व्हायला लागतो. आधी इपॉक्सी आणि हार्डनर नीट ढवळा, मग काळं पिगमेंट अगदी थोडं, आणि शेवटी कोलॉइडल सिलिका व मायक्रोबलून्स, या घट्टपणा आणणाऱ्या पुडी. पिगमेंट जास्त झालं तर पिकणं (कडक होणं) बिघडतं. ढवळायची पट्टी उभी धरल्यावर मिश्रण ओघळलं नाही की झालं. नुसत्या सिलिकाची लांबी (पुटी) दगडासारखी होते आणि घासताना शेजारची मऊ काच आधी झिजते, म्हणून मायक्रोबलून्सचा भाग जास्त ठेवा. मिश्रण जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून मेंदीच्या कोनासारखं टोक कापा. मधोमध सुरुवात करून दोन्ही बाजूंना पिळत जा. गोल टोकाच्या आइस्क्रीमच्या काडीने एकाच ओढीत फिरवा. पुन्हापुन्हा फिरवलं की लाटा उठतात. अरुंद जागेसाठी काडी लांब पट्टीला बांधा.

पूर्ण पिकल्यावर घासा, पिवळी टेप दिसली की थांबा, खड्डे दुसऱ्या पातळ हाताने भरा. रंगही याच टेपवर मारावा. मॅट काळाच, चकचकीत रंगाचं प्रतिबिंब काचेत दिसतं. रंगातल्या थिनरची चाचणी काचेच्या कापलेल्या तुकड्यावर आधी घ्या: तुकडा वाकवून बांधा, रंग लावा, दुसऱ्या दिवशी बघा. रंग कोवळा असतानाच टेप काचेच्या बाजूला न ओढता स्वतःवरच दुमडत सोडवा.

ग्लेअरशील्डवर कापड चिकटवणार असाल तर काँटॅक्ट सिमेंट ब्रशने लावा, स्प्रेने नको. सॉल्व्हंट उडून गेल्यावरच कापड टेकवा. कोंडलेली वाफ काठाशी काचेला खाते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कडक उन्हाच्या भागात विमान उघड्यावर उभं राहणार असेल तर इपॉक्सीचा हट्ट सोडावा. खोलीच्या तापमानाला पिकलेलं इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि उन्हातला काळा ग्लेअरशील्ड त्याहून सहज जास्त तापतो. तिथे काळं सिकाफ्लेक्स-295 यूव्ही हे लवचिक सीलंट बरं, त्याच्या ठरलेल्या ॲक्टिव्हेटर-प्रायमरसह. ते रबरासारखं ताण सोसतं. पण नंतर घासता येत नाही आणि वर रंगही धड टिकत नाही, त्यामुळे कातडी धरायच्या आत आकार द्यायचा आणि लगेच टेप काढायची. व्हिनेगरचा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन मात्र नको: ॲल्युमिनियम गंजतं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे कुठलाच रंग बसत नाही, फिशआय (रंगात गोल खळगे) पडतात.

डीफॉगच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) पंख्यांची ग्लेअरशील्डमधली भोकं आधीच पाडलेली असतील तर लांबी भरण्यापूर्वी ती फोमने बुजवा. गोलाई भोकाच्या काठापासून निदान 5 मिलिमीटर दूर राहू द्या, नाहीतर जाळीचा कॉलर बसत नाही आणि पिकलेलं इपॉक्सी काचेला अगदी चिकटून कोरत बसावं लागतं.