जुना कोर्स रीसेट करू नका

जून उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत मूडल (कोर्स, परीक्षा, असाइनमेंट ऑनलाइन चालवायची प्रणाली) सांभाळणाऱ्याकडे ठरलेली मागणी येते: 'सर, मागच्या वर्षीचा कोर्स रीसेट करून द्या, त्यातच नवी बॅच घेते.' देऊ नये. रीसेटमध्ये टिकमार्क केलेलं सगळं जातं: क्विझचे अटेम्प्ट, असाइनमेंटची सबमिशन, फोरममधल्या पोस्ट, मार्क. मूडलचा रिसायकल बिन डिलीट केलेली अ‍ॅक्टिव्हिटी मूळ सेटिंगनुसार सात दिवस ठेवतो, पण रीसेटने गेलेला डेटा त्यात येतच नाही. मग एटीकेटीवाला (विषय राहिलेला) मुलगा नोव्हेंबरात इंटर्नलच्या मार्कांबद्दल विचारायला येतो, किंवा नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, मागच्या पाच वर्षांचे पुरावे काढायला बसतात, तेव्हा दाखवायला काहीच नसतं.

जुना कोर्स आहे तसा राहू द्या आणि नव्या बॅचसाठी 'कॉपी कोर्स' वापरा. मूडल ३.९पासून ही सोय आहे. युजर डेटा, म्हणजे जुन्या मुलांची कामं आणि मार्क, घेऊ नका. शॉर्टनेम (कोर्सचं छोटं नाव) संपूर्ण साइटवर वेगळं लागतं, म्हणून वर्ष त्यातच घाला: टीवायबीकॉम-ऑडिट-२०२६-२७-सेम५. कॉपी क्रॉनवर, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामावर, चालते. तासभर नुसतीच रांगेत दिसली, तर कॉपीला दोष न देता क्रॉन बघा.

तारखांची गंमत इथेच होते. कॉपी करताना नवी स्टार्ट डेट दिली की कोर्समधल्या तारखा जुन्या आणि नव्या स्टार्ट डेटमधल्या फरकाइतक्या सरकतात. जुना कोर्स १६ जून २०२५चा, नवा १५ जून २०२६चा, तर १४ जुलैची असाइनमेंट १३ जुलैला येते, वारही सोमवारच राहतो. पण जुन्या कोर्सला कुणी आळसाने १ जून टाकून ठेवलं असेल, तर तीच असाइनमेंट २८ जुलैला जाऊन बसते. म्हणून कॉपीआधी जुनी स्टार्ट डेट तपासा.

आता जुना कोर्स बंद करणं. एंड डेट टाकली म्हणजे कोर्स बंद झाला असं नाही. तो विद्यार्थ्याच्या 'पास्ट' यादीत जातो, पण दार उघडंच असतं. हाइड केला की विद्यार्थ्यांना दिसत नाही, शिक्षकांना दिसतो. एटीकेटी संपेपर्यंत तो दिसता ठेवायचा असेल, तर कॉन्टेक्स्ट फ्रीझिंग, म्हणजे कोर्स गोठवण्याची सोय, बरं. अ‍ॅडमिनने ते चालू केलं की कोर्स वाचता येतो, बदलता येत नाही.

सगळ्यात वाईट चूक कोहोर्टची, म्हणजे साइटवर केलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाची. एनरोलमेंट कोहोर्ट सिंकने (गटात असेल तो आपोआप कोर्समध्ये) केलेली असेल आणि जुलैत त्याच कोहोर्टमधून जुनी मुलं काढून नवी बॅच भरली, तर जुनी मुलं मागच्या वर्षीच्या कोर्समधून बाहेर पडतात आणि नवी त्यात शिरतात. दर वर्षाचा कोहोर्ट वेगळा करा. आणि विद्यार्थी गेला म्हणून अनएनरोल करू नका, सस्पेंड करा.

बॅकअप अ‍ॅडमिननेच घ्यावा. मूळ परवानग्यांत शिक्षकाला युजर डेटाचा बॅकअप घेता येत नाही, म्हणून मॅडमनी पेनड्राइव्हवर जपलेल्या फाइलमध्ये नोट्स असतात, सबमिशन नसतात. लॉगचा टिकमार्क लागत नसेल तर काढा, फाइल बरीच हलकी होते. गूगल ड्राइव्हवरच्या पीडीएफ आणि लेक्चरच्या व्हिडिओंची फक्त लिंक बॅकअपमध्ये जाते. शेअरिंग बंद झालं की ती मेलीच.

डिस्क का भरते? मूडल एकच फाइल दहा कोर्सांत असली तरी एकदाच ठेवतो, पण प्रत्येक एमबीझेड (मूडलची बॅकअप फाइल) बॅकअपमध्ये तिची वेगळी प्रत असते. त्यामुळे बॅकअप सर्व्हरवरच ठेवले तर जागा वाचण्याऐवजी खर्च होते. डाउनलोड करून दुसरीकडे हलवा, आणि पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कपाटात तर मुळीच नको.

त्यातला एखादा बॅकअप टेस्ट साइटवर रिस्टोर करून बघा. अपलोडची मर्यादा आडवी आली तर पीएचपीमधल्या (मूडल ज्या भाषेत चालतं तिच्या सेटिंगमधल्या) दोन्ही मर्यादा, फाइलची आणि पोस्टची, वाढवाव्या लागतात. ग्रेडबुक (मार्कांचा तक्ता) एक्सेलमध्ये वेगळं काढा, ते मूडलशिवायही उघडतं. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या मूडलवर बसेल याची खात्री नसते, म्हणून फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घालाच.