बोटं अजून ‘बरोबर’ शोधतात

आज बोटांचा राग आलाय.

गणित अगदीच किरकोळ होतं. साडेसतरा गुणिले अडतीस. तोंडी केलं असतं तरी चाललं असतं, पण जुना कॅल्क्युलेटर हाताशी पडला होता म्हणून उचलला. १७.५ दाबलं, अंगठा आपसूक खाली उजव्या कोपऱ्यात, ‘बरोबर’च्या बटणावर गेला, मग ३८, मग गुणिले. पडद्यावर नुसते ३८. मी उत्तराची वाट बघतेय आणि कॅल्क्युलेटर पुढच्या आकड्याची. असे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

नव्या, आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये त्याच कोपऱ्यात एन्टर आहे. त्यात आकडे आधी पायऱ्यांसारखे एकावर एक चढवायचे, क्रिया शेवटी दाबायची. तिथे मी हेच केलं असतं तर ६६५ लगेच समोर आले असते. म्हणजे बोटं शिकली म्हणायची. आनंद व्हायला हवा होता. पण मघाशी नव्यावर काम करताना हीच बोटं १७.५ नंतर थेट गुणिलेवर गेली होती. वर काही नसेल तर ते यंत्र ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’, म्हणजे आकडे कमी पडले, म्हणून ओरडतं, ते परवडतं. पण वरच्या पायरीवर सकाळचा एखादा आकडा पडून राहिला असेल तर हूं की चूं न करता त्याच्याशी गुणून मोकळं होतं. उत्तर येतं, अगदी ठाम येतं, फक्त ते कुठल्या प्रश्नाचं हे कुणालाच माहीत नसतं.

तर अशी गत. जुन्यावर नवी सवय, नव्यावर जुनी सवय.

इतकं मनाला लावून घेण्यासारखं यात काय आहे, हे संध्याकाळपासून स्वतःला विचारतेय. जुन्यावर मी कधी बघून टाइप केलं नाही. कागदावर नजर ठेवायची, खाली हात चालू. कंस उघडायचा, बंद करायचा, मेमरीत टाकायचं, काढायचं, सगळं न बघता. वर्गात, नंतर कामावर, लोक हे बघून काहीतरी म्हणायचे आणि मी ‘त्यात काय’ म्हणायचे. आतून बरं वाटायचं हे उघडच आहे. आता एकेका बटणावर वाकून बघावं लागतं. चष्मा काढून. प्रत्येक बटणावर एक नाव, वर दोन रंगांत आणखी दोन, शेजारी अल्फाचं अक्षर. शिफ्टच दोन आहेत, डावा नि उजवा. कुठला दाबायचा हे रंगावरून ओळखायचं, आणि दिवेलागणीनंतर ते रंग मला सारखेच दिसतात.

हे यंत्र घेतलं का, त्या अर्जाचं पुढे काय, ताई काय म्हणाली, हे आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

बोटांचंच लिहिते. मला वाटतं, मला हळू व्हायचं भय वाटतं. चुकण्याचं तितकंसं नाही, चूक सापडते. हळू झालेलं मात्र समोरच्याला आधी कळतं. भाचा शेजारी बसला असला की तो बोलत नाही काही, पण त्याचा हात अर्धा पुढे येतो. ‘मावशी, मी करू?’ एवढंसुद्धा म्हणत नाही, गुणी आहे. नुसता हात येतो आणि परत जातो. त्या हाताचा मला राग येतो आणि मग राग आल्याचा राग येतो.

त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की यात बरोबरचं चिन्ह कुठे. ‘आहे की,’ म्हणाला, आणि शिफ्टखाली लपलेलं एक दाखवलं. पण ते समीकरण लिहायला. हिशोब संपवणारं ‘बरोबर’ या पद्धतीत नाहीच. मग म्हणाला, ‘एखाद्या बटणाला नेमून देऊ का? यात कुठल्याही बटणाला हवं ते काम लावता येतं.’ लावता येईल, पण ते दाबल्यावर होणार काय? आकडे आधीच वर चढलेले, क्रिया आधीच झालेली. बरोबरला करायला काही शिल्लकच नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं, आणि सांगतासांगता लक्षात आलं की डोक्याला हे सगळं पाठ आहे. बोटांनाच कुणी कळवलेलं नाही.

पद्धत म्हटलं तर सोपी आहे. आधी आकडे, मग त्यांचं काय करायचं ते. ३ एन्टर ४ अधिक, की तळाच्या पायरीवर ७. मग ५ एन्टर ६ अधिक, की तळाला ११, आणि मघाचे ७ आपण होऊन एक पायरी वर. मग गुणिले. दोन्ही पायऱ्या गायब, खाली ७७. कंस एकही नाही. यान वुकाशेविच नावाच्या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात चिन्हं आधी लिहायची पद्धत काढली, कंसांची कटकट नको म्हणून. यात तीच उलटी करून घेतलीय, चिन्ह शेवटी. एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या यंत्रात ही उलटी तऱ्हा १९७२ सालीच होती. तेव्हा पायऱ्या चारच असायच्या, माझ्या यंत्रात मेमरी पुरेल तितक्या चढवा.

मला गंमत वाटते ती अशी की मराठीत आपण बोलतो तसंच आहे हे. ‘पाचातून तीन वजा कर.’ आकडे आधी, काम शेवटी. पाढ्यांचंही तेच. ‘बे त्रिक सहा’ यात बरोबर कुठे आहे? दोन, तिप्पट, आणि उत्तर. लहानपणी उभं राहून घोकताना बरोबर म्हटल्याचं आठवत नाही. म्हणजे जिभेला जे लहानपणापासून येतं ते बोटांना पुन्हा शिकवायचं आहे. मधल्या सगळ्या वर्षांत एका बटणानं त्यांना भलतंच वळण लावलं. असा विचार केला की जरा बरं वाटतं. फार वेळ टिकत नाही, वजाबाकी आली की जातं. वरच्यातून खालचं वजा होतं, की खालच्यातून वरचं? वरच्यातून खालचं. हे मला माहीत आहे. तरी दर वेळी थबकायला होतंच. आकडे उलटे चढले असतील तर उजवा बाण, की दोघं जागा बदलतात. हा बाण मला पहिल्यापासून आवडला. आणि ‘अंडू’, केलेलं रद्द करणारा. सगळी उतरंड होती तशी परत आणून ठेवतो, आयुष्यात आणखी कुठे अशी सोय नाही.

दुसरं एक सतावतं ते दशांशाचं टिंब. एक भागिले तीन केलं की उत्तर १/३ येतं. म्हणजे मी जे दिलं तेच जरा नीट लिहून परत. वर्गमुळात १२ दिले की २√३. पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करतंय. मला आकडा हवाय आणि हे मला वहीतलं उत्तर देतंय. मग कळलं की टिंबाशिवाय दिलेला आकडा ते पूर्णांक मानतं आणि पूर्णांकाचा अचूकपणा जाऊ देत नाही. ‘१.’ असं टिंब देऊन टाइप केलं की मग दशांशातलं बारा अंकी ०.३३३३३३३३३३३३. टिंब विसरलं तर शिफ्ट आणि एन्टर, की आकडा. आता ठीक आहे, पण सुरुवातीला हा फार आगाऊपणा वाटायचा. अचूक हवंय की अंदाज, हे आधी ठरव आणि मग माझ्याकडे ये. जुन्यानं असलं कधी विचारलं नाही. गुपचूप अंदाज द्यायचा आणि मी तो अचूक समजायचे. सगळे समजतात.

फ्लॅगचं तर विचारूच नका. फ्लॅग म्हणजे यंत्रानं कसं वागायचं ते ठरवणारे चालू-बंद खटके. सव्वाशेच्या आसपास आहेत, प्रत्येकाला नंबर. भाच्यानं ११७ नंबरचा लावून दिला, तेव्हापासून चौकटीतल्या लांबलचक याद्या गेल्या आणि पडद्याच्या तळाशी सहा शब्द यायला लागले, त्याखालच्या सहा बटणांसाठी. वेग वाढतो म्हणे. त्याचा वाढतो.

कालचं लिहायचं राहिलं होतं, ते खरं आजच्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

तो टॅनचा आलेख काढत होता. पडदा १३१ ठिपके रुंद, डावीकडून उजवीकडे एकेक स्तंभ मोजत रेघ पुढे सरकते, घाई नाही. काढून झाल्यावर मला दाखवला. ‘बघ मावशी, असिम्टोटपण काढून दिलेत.’ दर दोन फाट्यांच्या मध्ये एक उभी रेघ, छान वरपासून खालपर्यंत. असिम्टोट म्हणजे आलेख जिच्या जवळजवळ जातो पण जिला कधी टेकत नाही ती रेघ. मी म्हटलं, ‘अरे, ते असिम्टोट नाहीत.’ तो म्हणाला, ‘मग काय आहेत? बरोबर जागी तर आहेत.’

जवळपास बरोबर जागी आहेत, म्हणून तर कुणीही फसावं. मी कागद घेतला. पडदा उणे साडेसहापासून साडेसहापर्यंत, म्हणजे शेजारच्या दोन स्तंभांत ०.१ चं अंतर. एक स्तंभ १.५ वर, पुढचा १.६ वर. १.५ ला टॅन १४.१, १.६ ला उणे ३४.२. मधे १.५७०८ जवळ जे काही होतं त्याची यंत्राला वार्ताही नाही, तिथे त्यानं पाहिलंच नाही. त्याला एक बिंदू खूप वर दिसला, पुढचा खूप खाली, आणि त्यानं ते दोन्ही इमानेइतबारे जोडले. नीट बघितलंस तर किंचित तिरकी असणार ती रेघ. आलेखाचा भाग नाही, असिम्टोट तर मुळीच नाही.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मग हे जोडणं बंद कर ना.’

ते मला कुठे माहीत! बंद करता येतं एवढं माहीत होतं. ते कुठून, कोणत्या शिफ्टनं, कोणत्या पानावर, काही सांगता येईना. त्याचा हात पुढे आला आणि या वेळी परत गेला नाही. प्लॉट सेटअप, कनेक्टपुढची खूण, गेली. पुन्हा आलेख काढला. नुसते ठिपके, मधल्या रेघा नाहीत.

रेघ का येते ते मला ठाऊक, ती कशी घालवायची ते त्याला. दोघांना मिळून एक आलेख आला. काल हे लिहिलं असतं तर आज दुपारी इतकं वाईट वाटलं नसतं कदाचित. परवा साइन ३०. दिल्यावर अर्ध्याऐवजी उणे ०.९८८ आलं तेव्हाही कोपऱ्यातलं ‘रॅड’ वाचायच्या आधीच मला कळलं होतं की हा जाताना कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजायला ठेवून गेलाय. ते कशानं कळतं ते सांगता येत नाही. त्याला अजून कळत नाही, त्याला वाचावं लागतं. वाचतो मात्र झटकन.

बोटं शिकतील. की नाही शिकणार, आणि मी जन्मभर दोन्ही यंत्रांवर अडखळत राहीन. मनाची तयारी दोन्हीची आहे असं म्हणायला हरकत नाही. जुना खणात टाकावा असं एकदा वाटलं, म्हणजे तुलनाच नको. पण बारीकसारीक हिशोबाला हे धूड काढायचं म्हणजे अति होतं, आणि खरं सांगायचं तर जुन्यावर मी अजून त्याच्यापेक्षा फास्ट आहे. निदान दुपारपर्यंत होते.

आत्ता फोन आला होता त्याचा. काल मी उठून गेल्यावर ते कनेक्ट पुन्हा चालू केलं म्हणाला. का रे? तर म्हणे, ‘चुकीचं असेल, पण दिसायला बरं दिसतं. ठिपके बघवत नाहीत.’ म्हटलं, माझ्या यंत्रात तरी असले उद्योग करू नकोस. ‘तुला नको असेल तेव्हा काढून टाक की,’ म्हणाला. ‘कसं काढायचं ते बघितलंस ना काल?’

हो म्हणाले. बघितलं होतं, लक्षात राहिलेलं नाही. मॅन्युअलमध्ये शोधते. नाही सापडलं तर त्यालाच विचारेन, पण दोनचार दिवस जाऊ देऊन, दुसरंच काहीतरी बोलताबोलता, सहज आठवल्यासारखं.