शारीची अपडेट: बाहेर लगदा, आत कणी, आणि कारण भलतंच

काल रात्री साडेबाराला शारीच्या, म्हणजे सुशीच्या व्हिनेगर घातलेल्या भाताच्या, सलग १० निगिरी (वर मासा ठेवायचे हाताने वळलेले मुटके) वळल्या आणि एकही फुटली नाही. वजनं १७ ते १९ ग्रॅमच्या आत. उचलून तिरकी धरली तरी आकार शाबूत, जिभेवर ठेवली की दाणे सुटे. घरच्या इंद्रायणीवर हे पहिल्यांदाच जमलं. इतका आनंद झाला की झोपलेल्या आईला उठवून एक खायला लावली.

मागे लिहिलं होतं तेच दुखणं पावसाळाभर चालू होतं. भात बाहेरून लगदा आणि आतून कच्चा. पाणी कमी करावं तर दाण्यात कणी राहते, वाढवावं तर निगिरीचा पेढा होतो. ३०० ग्रॅम तांदळाला ३३० ग्रॅम पाण्यावरून मी २८५ पर्यंत खाली आलो. व्हिनेगर ४५ मिलीवरून ३८ केलं. काही फरक नाही.

माझा सगळा संशय हवेवर होता. शारीला वारा घालायचा तो वरचा ओलावा उडून दाण्यावर तकाकी यावी म्हणून, आणि जुलैतल्या लालबागच्या हवेत ओलावा उडणार कुठे? काठवट पंख्याखाली ठेवून पाहिली, भात पातळ पसरून पाहिला. शेवटी मी शिकतोय त्या हॉटेलच्या शेफना विचारून घरचा तांदूळ तिथे नेला आणि एसीत केला. तरी तोच लगदा. हॉटेलचा जपानी तांदूळ मात्र त्याच पातेल्यात, माझ्याच हाताने, नीट येत होता. म्हणजे हवा सुटली, हात सुटला. उरला तांदूळ.

धुऊन निथळलेला तांदूळ साशिमी (कच्च्या माशाचे काप) वाढायच्या काळ्या ताटलीवर पसरला आणि १०० दाणे मोजले. १९ तुटके! मग उलगडलं. तुटका दाणा लवकर शिजतो, फुटतो आणि त्याचा स्टार्च पेजेसारखा सगळ्या भातावर चढतो. त्यात पाणी कमी केल्यामुळे अख्खा दाणा उपाशी राहतो. दोन उलटी लक्षणं एकाच भांड्यात दिसत होती ती यामुळे, आणि मी पाणी तोडून दुखणं वाढवत होतो.

आईने सूप काढलं. तिचा हात बघत राहावा असा आहे. सूप जरासं तिरकं, मनगटाचा छोटा गोल झोका, आणि कणी आपोआप एका कडेला गोळा. मी केलं तेव्हा अख्खा दाणाही कणीबरोबर गेला, म्हणून माझ्यापुरती मोठ्या भोकांची चाळणीच बरी. १ किलोतून १६० ग्रॅम कणी निघाली. जूनमध्ये ज्या नव्या दुकानातून ‘निवडक’ म्हणून १० किलो घेतला, तिथे पुन्हा जाणार नाही. तुम्हीही तांदूळ घेताना आधी मूठभर काळ्या कागदावर पसरून बघा.

आता पाणी परत ३३०. पहिलं पाणी ओतलं की लगेच काढायचं, कारण कोरडा दाणा तेच सगळ्यात जास्त पितो. नंतर तीन पाण्यांत बोटांनी हलकेच फिरवायचा, चोळायचा नाही. चोळलं की नवी कणी आपणच तयार करतो. ३० मिनिटं भिजत, १५ मिनिटं चाळणीत.

हांगिरीऐवजी (शारी कालवायच्या जपानी लाकडी भांड्याऐवजी) काठवट वापरण्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. माझं मत ठाम आहे: शिकताना काठवटच घ्या. आधी पाण्याने भिजवून पुसली की भात चिकटत नाही आणि जादा ओल लाकूड ओढून घेतं. स्टीलच्या परातीत तळाशी पाणी सुटतं. वारा घालायला तेच सूप.

यानागिबाला (मासा कापायच्या लांब जपानी सुरीला) मुठीजवळ पुन्हा गंजाचे ठिपके आले. कार्बन स्टीलला या दिवसांत धुऊन पुसणं पुरत नाही, तेलाचा हात हवाच.

पुढचा बेत बांगड्याचा होता. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली आणि ससून डॉकला बांगडा छान येतोय. मीठ, मग व्हिनेगर, शिमे साबाच्या (मीठ-व्हिनेगरात मुरवलेल्या जपानी बांगड्याच्या) धर्तीवर. व्हिनेगरने आनिसाकिस (माशातला परजीवी जंत) मरत नाही, म्हणून आधी उणे २० अंशांवर ७ दिवस, तेही हॉटेलच्या डीप फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरचा भरवसा नको.

पण लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकतेय. इंद्रायणी आंबेमोहराच्या वंशातली, तिचा वास मोठा. काल नुसती शारी खाताना तो व्हिनेगरच्याही पुढे येत होता. पांढऱ्या मऊ माशावर तो दांडगाई करेल. बांगडा स्वतःच ठसठशीत, तो टिकेल. की व्हिनेगरच बदलावं? एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, पद्धतीतलं लाल व्हिनेगर साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) चोथ्यापासून बनतं, त्याचा वास भारदस्त असतो. क्रॉफर्ड मार्केटला भाव ऐकून परत आलो होतो. आता वाटतंय छोटी बाटली घ्यावीच. म्हणजे बांगडा एक आठवडा पुढे. त्याला गोठायला तेवढे दिवस लागणारच आहेत. तोवर लाल व्हिनेगरची शारी जमवतो, साखर निम्मी करून.

शेफना कालचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून दाण्यांच्या कडा बघितल्या आणि म्हणाले, “रविवारी स्टाफचं जेवण तू कर. चाळीस निगिरी.” जपानात भाताला तीन वर्षं आणि वळायला आठ वर्षं म्हणतात, मला इथे आठच महिने झालेत. चाळीस म्हणजे पाऊण किलोच्या आसपास शिजलेला भात, पण एका दमात वळताना शारी अंगाच्या उबेइतकी राहायला हवी. दोन खेपांत करावा का, हाच विचार चाललाय. कुणी एवढ्या संख्येने केल्या असतील तर भात कशात झाकून ठेवता ते सांगा.