प्रतीक्षाकक्षातला प्रश्न

नैराश्याच्या (डिप्रेशनच्या) रुग्णांवर आरटीएमएसचा, म्हणजे कवटीबाहेरून दिल्या जाणाऱ्या चुंबकीय उत्तेजनाचा, परिणाम तपासणाऱ्या एका अभ्यासात मी काम करत होतो. निम्म्या जणांना खरी कॉइल (डोक्यावर धरायचे चुंबकीय वेटोळे), निम्म्यांना केवळ आवाज करणारी बनावट कॉइल; कोणाला कोणती, हे मलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी सत्र संपल्यावर एका बाईंनी सहज विचारले, "डॉक्टर, बाहेर बसलेले गृहस्थ म्हणतात, डोक्यावर सुतारपक्षी चोच मारतो तसं होतं. मला तर नुसती खटखट ऐकू येते. माझं मशीन बिघडलंय का?"

माझ्या मनात पाल चुकचुकली: रुग्णाला आपला गट कळला, तर तुलनाच बिघडते. उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी मोटर थ्रेशोल्ड, म्हणजे स्नायू हलवण्यापुरता किमान ठोका, मोजताना या बाईंचा अंगठा खऱ्या कॉइलने उडालेला होता. त्यामुळे खरा ठोका कसा लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. अर्थात टाळूवरची संवेदना माणसागणिक बदलते, तेव्हा त्यांच्या बोलण्यावरून गट ओळखणे घाईचे ठरले असते. मी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मात्र त्यांचे शब्द जसेच्या तसे नोंदवले आणि दोन रुग्णांची गाठ पडणार नाही अशा बेताने वेळापत्रक बदलून घेतले.

योगायोग असा की दुपारी मला देशोदेशीच्या अशाच चाचण्यांचा तक्ता करायचा होता. सकाळच्या प्रश्नामुळे तो मी निराळ्या नजरेने वाचला. कॅनडातील 2018 च्या चाचणीत 414 रुग्णांवर साडेसदतीस मिनिटांची जुनी पद्धत आणि सुमारे तीन मिनिटांची, ठोक्यांचे जलद झुबके देणारी थीटा बर्स्ट पद्धत यांची तुलना झाली व नवी पद्धत कमी पडली नाही. पण दोन्ही गटांना खरेच उत्तेजन मिळत असल्याने बनावट कॉइलचा प्रश्नच तिथे उद्भवला नाही. ब्राझीलमधील 2017 च्या चाचणीत 245 जणांवर डोक्यातून दिल्या जाणाऱ्या सौम्य विद्युतप्रवाहाची एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाशी तुलना झाली, आणि प्रवाह औषधाच्या तोडीचा असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. प्रवाहाचे सोंग वठवणे तुलनेने सोपे असते, कारण मुंग्या मुख्यतः सुरुवातीला येतात, आणि तेवढ्यापुरता प्रवाह देऊन तो बंद करता येतो. चुंबकाचा ठोका सत्रभर लागत राहतो, त्याला अशी सोपी पळवाट नाही.

मी तक्त्यात एक रकाना वाढवला: आपण कोणत्या गटात आहोत असे वाटते, हे सहभागींना विचारले होते का? बऱ्याच छोट्या अभ्यासांपुढे तो रिकामाच राहिला.