बाहेरचं खाणं, कुणाच्या हातचं?

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या एखाद्या चालत्या हॉटेलाबाहेर माणसं नाव नोंदवून फुटपाथवर ताटकळत उभी असतात. पोरं किरकिरतात, आजी खांबाला टेकतात आणि आतला एक पोरगा वही नाचवत मधूनच ओरडतो, "जोशी, चार जण!" शे-दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा पुणेकर या फुटपाथवर आणून उभा केला तर तो दोनच प्रश्न विचारेल. यांच्या घरी आज चूल का पेटली नाही? आणि मग जरा आवाज उतरवून, आत स्वयंपाकाला कोण आहे?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, कंटाळा. दुसरा प्रश्न मात्र आता आपल्याला सुचतसुद्धा नाही, निदान चारचौघांत तरी नाही. तो सुचेनासा व्हायला आपल्याकडे फार वर्षं लागली. बाहेर खाण्याची गोष्ट निघाली की लोक चवीबद्दल बोलायला लागतात, पण चव या गोष्टीत बरीच मागाहून आली.

पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस दशम्या, गूळ, चटणी बांधून निघायचा. शिदोरी संपली की नदीकाठी तीन दगड मांडायचे आणि पिठलं-भात शिजवायचा. धर्मशाळेत पडायला जागा मिळे, एखाद्या ठिकाणी कोरडा शिधाही मिळे. शिजवायचं आपलं आपण. कनवटीला पैसे असले तरी परक्या हातचा शिजलेला भात बऱ्याच जणांना चालत नसे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि पुढे नाना जातींची माणसं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसू लागली. पण स्टेशनावर तहान लागली की हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं.

गरीब विद्यार्थ्याची सोय म्हणजे माधुकरी, नाहीतर वार लावून जेवणं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे सात वार सात घरी. पैसा एक लागत नसे, पण मान खाली घालून जेवावं लागे. आज आमटी पातळ का, असं विचारायची सोय नाही. दुसऱ्यांदा भात मागावा की नाही हे वाढणाऱ्या काकूंच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. असं शिकून पुढे मोठ्या झालेल्या माणसांनी त्या घरांबद्दल फार कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे, आणि त्या कृतज्ञतेच्या आडून ओशाळेपणही डोकावतं. म्हणून मला खाणावळ ही मोठी क्रांतिकारक गोष्ट वाटते. महिन्याचे पैसे मोजले की माणसाला कुरकुर करायचा हक्क मिळतो. आमटी पातळच असते, पण आता तसं म्हणता येतं.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या मेसमध्ये हा हक्क आम्ही पुरेपूर बजावला. भिंतीवर पाटी होती: खाडा आदल्या दिवशी सांगितल्यास धरला जाईल. खाड्यावरून होणारी भांडणं भाऊबंदकीच्या दाव्यांइतकी चिवट असत. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, हा तर अख्ख्या शहराचा नियम. त्या फीस्टला गुलाबजाम मोजून दोन. तिसरा मागणाऱ्याकडे मेसवाल्या काकू अशा बघत, की वार लावून जेवणाऱ्यांचे हाल क्षणभर समजत.

मुंबईत खाणावळी वाढवल्या त्या गिरण्यांनी. १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडचे गडी बायकामुलं गावी ठेवून परळ-लालबागेत येऊन राहिले. एका खोलीत पाळ्या लावून झोपायचे. त्यांना रांधून घालायचं काम चाळीतल्याच बायकांनी घेतलं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस मेंबर, पाळीप्रमाणे पंगती, हिशेब पगाराच्या दिवशी. महिनाभर किराणा उधारीवर आणायचा, वाण्याचं तोंड चुकवायचं, अडलं की सावकाराकडे अंगावरचं गहाण टाकायचं. एवढं करून या बायकांना कुणी व्यावसायिक म्हणत नसे. 'घरी दोन पानं जास्त वाढते' एवढंच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे या बायकांना बँकेचं दार उघडलं. आणि १९८२ चा संप लांबत गेला, तेव्हा जेवणाऱ्यांच्या हातात द्यायला काही उरलं नाही. संपाच्या इतिहासात मालक येतात, पुढारी येतात; थकलेल्या उधारीची वही घेऊन बसलेली खाणावळवाली फारशी येत नाही.

पण माझा आवडता प्रसंग जेवणाचा नाही, चहाचा आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. टिळक होते, रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी संकोचाने कप तसाच ठेवला. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, महाखट्याळ गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावंच छापून आणली. झालं! सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, चौकशी बसली आणि टिळकांसारख्या माणसाला आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगावं लागलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावर सुधारक त्यांच्यावर रागावले ते वेगळंच. एक कप चहा आणि दोन्ही बाजूंनी मार.

तिकडे कोल्हापुरात तीसेक वर्षांनी याच चहाने उलटं काम केलं. राजवाड्याच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक' नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक कुठून येणार? तर महाराज स्वतःच. रस्त्यात गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांच्या हातातही कप द्यायचे. त्या मानकऱ्यांचे चेहरे मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणले आहेत. धर्म बुडवावा की छत्रपतींचा शब्द मोडावा? बहुतेकांनी चहा फुंकून फुंकून प्यायला असणार.

हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल तर राज्यघटनेचं पंधरावं कलम काढून बघावं. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणालाही जातीधर्मावरून अडवता येणार नाही, असं त्यात नावं घेऊन लिहिलंय. देश घडवायला बसलेल्या माणसांना हॉटेलाचं नाव घ्यावं लागलं, ते उगाच नव्हे.

इराण्यांविषयी इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेतो. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदारांनी सोडली आणि यझदकडून आलेल्या इराण्यांनी ती उचलली, असं सांगतात. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि ब्रून मस्का. टेबलाचा दगड ओल्या फडक्याने पुसला की आधी तिथे कोण बसलं होतं याचा मागमूस उरत नसे. गल्ल्यावरच्या मालकाला गिऱ्हाईकाच्या आडनावापेक्षा सुट्ट्या पैशांत जास्त रस.

उडुप्यांची चाल निराळी होती. १९४२ साली माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायकांनी बोर्डिंग काढलं. केळीच्या पानावरचं जेवण, सोवळ्याच्या माणसालाही नाव ठेवता येऊ नये इतकं स्वच्छ. दक्षिणेकडून आलेली पोरं दिवसा टेबलं पुसत आणि रात्री कानडी शाळेत जात. पुढे त्यांतलेच काही गल्ल्यावर बसले. मराठी मध्यमवर्गाला बाहेर खायची खरी सवय लावली ती या इडली-डोशाने. घरी होत नव्हता तो पदार्थ खायला बाहेर जाणं, यात घरच्या सुगरणीचा अपमान नव्हता.

बायकांचं काय? त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम' निघाली. लाकडी फळ्यांचा आडोसा, वर कळकट पंखा, दाराला पडदा किंवा कमरेपासून खांद्यापर्यंतचं झुलतं दार. वेटर त्या दारावर टकटक करून, मान दुसरीकडे वळवून आत यायचा. माझी आजी एकदाच त्या खोलीत बसली. मसाला डोशाचा एक तुकडा मोडून म्हणाली, "तेल कुणी बघितलंय?" आणि मग सगळा डोसा संपवला. तिच्या आईने 'हात कुणाचा' असं विचारलं असतं. आजीने तेल विचारलं. एका पिढीत झालेला हा केवढा मोठा बदल, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. आजीच्या तर नाहीच.

आता बाहेरचं खाणं घरी येतं. बोटाने दाबलं की अर्ध्या तासात बिर्याणी दारात. ती कुणी रांधली, कुठल्या गाळ्यात, हे आपण विचारत नाही. तारे बघतो, किती जणांनी किती दिलेत ते. सगळं सुटलं म्हणायचं. फक्त आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी नवी पाटी लागली आहे: 'डिलिव्हरीवाल्यांनी मागील लिफ्ट वापरावी.' सभेत हा ठराव आला तेव्हा मी विचारलं, का बुवा? सेक्रेटरी म्हणाले, "तसं काही नाही हो, जरा बरं दिसतं." ठराव मंजूर झाला. सभेनंतर अल्पोपाहार होता. सामोसे बाहेरून मागवले होते, ते मागच्या लिफ्टने वर आले आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ले.