चुन्याचा वास

मार्च उजाडला की इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या जुन्या तटाच्या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुलं येतात आणि माझे फोटो बेळगावातल्या सगळ्या ग्रुपवर जातात. यंदा फोटो वेगळा गेला. तटाच्या भिंतीशी गुडघे टेकून बसलेली एक बाई, शेजारी घमेलं, हातात थापी. चुलतभावानं लगेच विचारलं, "हे काय गा? तिकडं पण गवंडीकामच बघत बसतोस?"

बसतो खरं. कामावर जायची माझी वाट तटावरूनच आहे. जवळजवळ साडेतीन किलोमीटरचा तट, चालायला तिकीट नाही. इथली माणसं आधीपासूनच शहाणी होती असं मात्र समजू नका. १८०० साली इथल्या नगरपालिकेनंच तो पाडायची परवानगी मागितली होती. बरीच भांडणं झाली, तट वाचला, पण सगळा नाही. चार मोठ्या वेशींपुढे संरक्षक बांधकामं होती, त्यातलं फक्त वॉल्मगेट नावाच्या वेशीचं उरलंय.

त्या बाईजवळ थांबलो तो वासामुळं. ओला चुना. एकदम बेळगावच्या शहापुरातलं आमचं परडं आठवलं. आजोबा गवंडी. परड्यात चुन्याची घाणी होती. गोल चर, त्यात बैलानं फिरवायचं दगडी चाक. वाळू-चुना तासन् तास मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. आम्ही पोरं गुळाच्या आशेनं तिथं घोटाळायचो, ते वेगळं.

बाईनं सांगितलं ते असं : इथला दगड पिवळसर चुनखडीचा, मऊ. सांध्यात चुना असला की भिंतीतली ओल सांध्यातून निघून जाते. सिमेंट भरलं की तो रस्ता बंद, मग ओल दगडातच मुरते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आधीच्या कुणीतरी भरलेलं सिमेंट ती छिन्नीनं हळूहळू काढत होती. दिवसभरात हातभर काम. आजोबा हेच एका वाक्यात म्हणायचे, "सिमिट घालू नको गा, दगुड कुजतोय."

आता आमची गोष्ट. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमलबस्ती, म्हणजे जैन मंदिर, घ्या किंवा १५१९ची साफा मशीद, त्यांना निदान पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, भोवतीच्या शंभर मीटरांत नवं बांधकाम करायला कायद्यानं बंदी आहे. कमलबस्तीच्या छतातलं दगडी कमळ बघायला मान वर करून उभं राहिलं की अजूनही मानेला रग लागते. पण खानापूरकडं आमच्या मूळ गावी देवळापुढं दीपमाळ आहे. तिला ना फलक, ना राखणदार. इथं मी भाड्यानं राहतो ते साधं विटांचं घर वारसा-यादीत आहे, खिडकीची चौकट बदलायची तर मालकाला परवानगी काढावी लागते. तिकडं दीपमाळेचं काय करायचं ते कमिटीच्या बैठकीत चहा संपायच्या आत ठरलं.

जीर्णोद्धार झाला. वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा, त्यावर केशरी ऑइलपेंट, चौथऱ्याला न्हाणीघरात लावतात तसल्या चकचकीत फरशा. कमिटीला बोल लावायला माझं तोंड नाही. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर चौथं नाव माझंच आहे, रुपये अकरा हजार. पाटीचा फोटो आला तेव्हा मी बदामाचं चित्र पाठवलं होतं.

परवा व्हिडिओ कॉलवर भावाला म्हटलं, जरा बोटानं ठोकून बघ. त्यानं ठोकलं. खालच्या बाजूला घट्ट, कमरेच्या वर ठक-ठक पोकळ. एका ठिकाणी पेंटला फुगा आला होता. नखानं ओढला तर गिलाव्याची ढलपी निघून आली आणि तिच्या पाठीला दगडाची पूड चिकटलेली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता हे काढायचं कुणी?"

गणपतीला येतोय. घाणीचं चाक अजून परड्यात आहे, त्यावर आई कपडे आपटते. चुना कालवणारं कुणी माहीत असेल तर कळवा. वय कितीही चालेल.