मेट्रोने दिल्ली: आधी वार, मग नकाशा

दिल्लीची सहल आखताना मी स्थळांच्या यादीआधी कॅलेंडर उघडतो. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि राष्ट्रीय संग्रहालय, ही चारही ठिकाणं सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे, म्हणून मुक्कामात सोमवार आलाच तर तो त्यांच्या वाट्याला. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, त्यामुळे शुक्रवारची दुपार तिथे फुकट जाते. चांदणी चौकात खरेदी करायची असेल तर रविवार नको, बहुतेक दुकानं बंद असतात. स्वातंत्र्यदिनाच्या आधी लाल किल्लाही काही दिवस बंद ठेवतात, हे ऑगस्टची तिकिटं काढणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही.

मग गाडी. मुंबई सेंट्रलची तेजस राजधानी नवी दिल्लीला जाते. सीएसएमटीची राजधानी, पुण्याची दुरांतो आणि गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला. नवी दिल्लीला उतरलात तर मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं की बॅगा घेऊन पुन्हा सगळा पूल ओलांडा. निजामुद्दीनला सराय काले खांच्या बाजूने बाहेर पडायचं, तिथे पिंक लाइन मिळते. तीच लाजपतनगरला व्हायोलेटला आणि दिल्ली हाट आयएनएला यलोला जोडते.

फिरायला मला व्हायोलेट लाइन सगळ्यात सोयीची वाटते. 2017 मध्ये ती कश्मीरी गेटपर्यंत गेली आणि लाल किल्ला, जामा मशीद यांना स्वतःची स्टेशनं मिळाली. सकाळी लवकर किल्ला, मग मशीद, पुढे दिल्ली गेटला उतरून रिक्षाने राजघाट, आणि त्याच लाइनने कालकाजी मंदिर स्टेशन गाठून लोटस टेंपल. मंगळवार ते शनिवार यातला कुठलाही दिवस चालतो, फक्त शुक्रवारी मशीद सकाळीच उरकायची. यलो लाइनवर पटेल चौकातून बंगला साहिब गुरुद्वारा (डोकं झाकायला रुमाल हवाच), आयएनएला दिल्ली हाट हा हस्तकलेचा बाजार आणि पुढे कुतुबमिनार.

स्टेशनाच्या नावावर मात्र जाऊ नका. ‘कुतुबमिनार’ स्टेशनापासून मिनार दीड-दोन किलोमीटर दूर आहे, ई-रिक्षा किंवा ऑटो करावीच लागते. हुमायूनच्या मकबऱ्याला जवाहरलाल नेहरू (जेएलएन) स्टेडियम स्टेशनला उतरून ऑटो. इंडिया गेटला स्टेशनच नाही. केंद्रीय सचिवालयाला उतरून कर्तव्यपथाने सुमारे दोन किलोमीटर चालायचं. थंडीतल्या संध्याकाळी ते सुंदर वाटतं, मे महिन्यात ती शिक्षा आहे. बाहेर पडण्याआधी गेट क्रमांकाची पाटी वाचावी, नाहीतर आठपदरी रस्त्याच्या पलीकडे निघाल आणि भुयारी मार्ग शोधत बसाल.

स्मार्ट कार्डावर प्रत्येक प्रवासाला 10 टक्के सवलत मिळते, पण एका कार्डावर एकच माणूस. आपण आत जाऊन तेच कार्ड मागच्याला दिलं तर गेट उघडत नाही. चौघांना चार कार्डं, नाहीतर मोबाइलवर क्यूआर तिकिटं. 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. प्रत्येक स्टेशनात बॅग स्कॅन होते, त्यामुळे फळं कापायची सुरी हॉटेलातच ठेवा. पुढचा पहिला डबा बायकांचा. नवरे मंडळी सवयीने तिकडे चढतात आणि दंडाची पावती घेऊन उतरतात.

सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर राजीव चौकात, म्हणजे यलो आणि ब्लू लाइन मिळतात तिथे, गाडी बदलायची वेळ येऊ देऊ नये. यलोवरून व्हायोलेटवर केंद्रीय सचिवालयालाही जाता येतं आणि तिथली गर्दी सुसह्य असते.

अक्षरधामला अर्धा दिवस वेगळा ठेवा. ब्लू लाइनचं स्टेशन जवळच आहे, पण मोबाइल, कॅमेरा, बॅग सगळं क्लोकरूममध्ये जमा करावं लागतं आणि ती रांग मोठी असते. आत गेल्यावर फोन नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे रांगेतच ठरवून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. त्या दिवसांत पोहोचण्याच्या दिवसासाठी कुठल्याही स्थळाचं ऑनलाइन तिकीट आधीच काढू नका, आणि परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधी हॉटेलातच तपासा.